अतिबलाढ्य खलनायक आणि त्याला पुरून उरणारे सहकारी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही रेखाटत असलेल्या मांगा शैलीतील चित्रकथेत खलनायकाला समोरच्याची पुढची हालचाल काही क्षण आधी दिसते, त्यामुळे नायकाचा एकही वार त्याला लागत नाही. शेवटी नायकाची मैत्रीण ‘समोरच्याची शक्ती बंद करण्याच्या’ आपल्या क्षमतेने त्याला निष्प्रभ करते आणि नायक जिंकतो; परंतु ज्यांनी कच्चा खर्डा वाचला त्या सर्वांना हा विजय फुकटचा वाटला. जपानी मांगांमध्ये सहायक पात्रांच्या बळावर मिळालेले असेच विजय पटतात आणि तुमचा पटत नाही, हे कशामुळे, असे तुम्ही विचारले आहे. चित्रकथांच्या संहिता लिहिणे आणि इतरांच्या तपासणे हे माझे अनेक वर्षांचे काम असल्यामुळे हा प्रश्न मला चांगला परिचयाचा आहे आणि त्याचे उत्तर सविस्तरच द्यावे लागेल. पुढे काही मालिकांचे शेवट उघड होतील, याची नोंद घ्यावी.

माझे म्हणणे आधी मांडतो. सहायक पात्राची शक्ती नायकाच्या बळात भर घालते किंवा खलनायकाच्या बळातून काही वजा करते, असे धरून कथा रचली की ती लंगडी पडते. प्रत्येक अफाट शक्ती कुठल्या ना कुठल्या अटीवर उभी असते. कुणाला स्पर्श करावा लागतो, कुणाला डोळ्यांनी पाहावे लागते, कुणाचे बळ समोरच्याला रहस्य ठाऊक नसण्यावर अवलंबून असते, तर कुणाचे रात्र संपेपर्यंतच टिकते. सहायक पात्राने ती अट शोधायची असते, वाचकाला दाखवायची असते आणि त्यासाठी स्वतःचे काहीतरी मोजायचे असते. या तिन्ही गोष्टी घडल्या, तर खलनायक तसूभरही दुबळा न होता हरू शकतो. तुमच्या कथेत मैत्रिणीने खलनायकाची शक्ती बंद केली. परंतु ती शक्ती कशावर उभी होती, हे वाचकाला शेवटपर्यंत कळले नाही.

हिरोहिको अराकी यांच्या ‘जोजोज बिझार ॲडव्हेंचर’ या मालिकेचा तिसरा भाग १९८९ ते १९९२ या काळात प्रसिद्ध झाला. त्यातील डिओ हा खलनायक काळ थांबवू शकतो. थांबलेल्या काळात फक्त तोच हालचाल करतो आणि त्याच्यासमोर उभ्या असलेल्या माणसाला आपल्यावर वार कधी झाला हेही उमगत नाही. या शक्तीपेक्षा तिचे रहस्य अधिक घातक आहे, कारण जे कळतच नाही त्यावर उपाय तरी कसा करणार? कैरोमधील लढाईत काक्योइन हा तरुण आपल्या ‘स्टँड’चे, म्हणजे त्याच्या आत्मशक्तीच्या मूर्त रूपाचे, धागे वीस मीटरच्या परिघात डिओभोवती विणतो. कोणताही धागा हलला की तिथून मारा व्हावा, अशी ती योजना असते. डिओ काळ थांबवतो, एका ठोशात काक्योइनला पाण्याच्या टाकीवर फेकतो आणि लढाई संपल्यासारखी वाटते. मरता मरता काक्योइनला एकच गोष्ट खटकते. ते सारे धागे एकामागून एक तुटलेले नसून एकाच क्षणी तुटले होते. डिओ कितीही वेगवान असता, तरी त्यांच्या तुटण्यात काही ना काही अंतर पडलेच असते. तो आपला अखेरचा मारा डिओवर न करता दूरच्या मनोऱ्यावरील घड्याळावर करतो. डिओला तो मारा वाया गेल्यासारखा वाटतो. परंतु फुटलेले घड्याळ पाहून वृद्ध जोसेफला संदेश उमजतो आणि त्याच्यामार्फत तो नायक जोतारोपर्यंत पोहोचतो.

काक्योइनने डिओला एक ओरखडाही काढलेला नाही, काळ थांबवण्याची शक्ती जशीच्या तशी शाबूत आहे, इतकेच नव्हे तर पुढे जोसेफचे रक्त प्यायल्यावर ती आणखी वाढते. तरीही तराजू हलला आहे. ज्या जाळ्याने मारा करायचा होता, ते जाळे हरल्यावर मोजपट्टी म्हणून उपयोगी पडले, ही यातील खरी हुशारी आहे. आपल्याकडे सांगितल्या जाणाऱ्या जरासंधवधाच्या कथेत बळ भीमाचे असले, तरी काडी चिरून दोन भाग उलट दिशांना टाकणारा कृष्ण नसता तर ती कुस्ती संपली नसती. काक्योइनचे काम त्याच जातीचे आहे. फरक इतकाच, की त्याला ते प्राण देऊन करावे लागते.

याच मालिकेच्या चौथ्या भागात किरा नावाचा खुनी आहे. त्याच्या डाव्या हातातून सुटणारे एक छोटे स्वयंचलित रणगाड्यासारखे अस्त्र उष्णतेचा माग काढत जाते, स्फोट घडवते आणि कशानेही फुटत नाही. जोतारोसारख्या बलवान माणसालाही ते जखमी करते. कोइची हा ठेंगणा, भिडस्त मुलगा ते फोडू शकत नाही. त्याची नव्याने उमललेली शक्ती एखादी वस्तू जड करते, एवढेच. अस्त्र जमिनीत रुतते, आणि ते किराच्या डाव्या हाताचाच भाग असल्यामुळे दूर बसलेल्या किराचा हातही तितकाच जड होतो. लपून राहण्यावर ज्याचे सारे बळ उभे आहे, अशा माणसाला स्वतः चालत घटनास्थळी यावे लागते. अस्त्र अजूनही अभंग आहे. किराचे अज्ञात असणे मात्र त्या दिवशी संपते. सहायक शक्तीचा वार खलनायकाच्या हत्यारावर न होता त्याच्या जगण्याच्या रीतीवर झाला, तर परिणाम किती दूरवर जातो, याचे यापेक्षा नेटके उदाहरण माझ्या वाचनात नाही.

आता ज्या लढाईविषयी मला सर्वांत अधिक सांगायचे आहे, तिच्याकडे वळतो. योशिहिरो तोगाशी यांची ‘हंटर हंटर’ ही मालिका १९९८ साली सुरू झाली. तिच्यातील कायमेरा मुंग्यांच्या, म्हणजे माणसांना खाऊन त्यांचे गुण घेणाऱ्या राक्षसी मुंग्यांच्या, पर्वात मेरुएम हा राजा आणि त्याचे तीन अंगरक्षक इतके बलाढ्य आहेत, की माणसांच्या बाजूचा कुणीही त्यांच्याशी समोरासमोर टिकणार नाही, हे लेखकाने आधीच निःसंदिग्धपणे सांगून टाकलेले आहे. म्हणून राजवाड्यावरील हल्ल्याची सगळी योजना एकाच सूत्रावर बेतलेली आहे: राजाला अंगरक्षकांपासून वेगळे करायचे आणि प्रत्येकाला कुठेतरी अडकवून ठेवायचे. या योजनेत प्रत्येकाची शक्ती मारण्यासाठी वापरली न जाता दुसऱ्याला वाट करून देण्यासाठी वापरली जाते. नोव्ह स्वतःच्या शक्तीने दुसऱ्या मितीत उभारलेल्या ‘चतुर्मित सदना’ची दारे राजवाड्यात आधीच पेरून ठेवतो, म्हणजे सहकाऱ्यांना त्यांतून आत शिरता येईल. परंतु त्या कामगिरीत अंगरक्षक पूफच्या प्राणशक्तीचा नुसता स्पर्श अनुभवून त्याचे मन कोसळते आणि तो प्रत्यक्ष लढाईला उभाच राहू शकत नाही. मोरेल धुराचे सैनिक उभे करतो आणि धुराचाच तुरुंग रचून पूफला कोंडतो. मेलिओरॉन श्वास रोखून धरतो तोवर त्याचे आणि त्याने स्पर्श केलेल्या माणसाचे अस्तित्व कुणालाही जाणवत नाही.

आणि या सर्वांत नकलची शक्ती तर सावकारीची आहे. तो ठोसा मारतो तेव्हा समोरच्याला स्वतःची प्राणशक्ती उधार देतो. त्या कर्जावर दर १० सेकंदांना १० टक्के व्याज चढते आणि कर्ज समोरच्याच्या एकूण प्राणशक्तीहून मोठे झाले, की तो दिवाळखोर ठरून ३० दिवस आपली प्राणशक्ती वापरूच शकत नाही. चक्रवाढीचा साधा हिशेब केला, तर हे कर्ज ८० सेकंदांत दुपटीच्या पुढे जाते आणि चार मिनिटांच्या थोडे पुढे दहापट होते. म्हणजे अंगरक्षक युपीसारख्या राक्षसी बळाच्या शत्रूला हरवण्यासाठी नकलला त्याच्याहून बलवान व्हायचे नाही, तर तेवढा वेळ जिवंत राहायचे आहे. युपीची ताकद जितकी मोठी, तितकी ही वाट लांब. त्यामुळे खलनायकाचे बळ कुठेही नाकारले जात नाही, उलट त्याचा प्रत्येक कण या हिशेबात धरला जातो. मेलिओरॉनच्या श्वासामुळे नकलला न दिसता ठोसे मारता येतात, शूट नावाचा साथीदार जबर जखमी होईपर्यंत युपीचे लक्ष वेधून धरतो, किलुआची वीज युपीला काही क्षण जखडते आणि साठा संपताच त्याला माघार घ्यावी लागते. चौघांपैकी कुणीही एकटा युपीपुढे उभा राहू शकत नाही, आणि चौघांच्याही शक्तीला श्वास, रक्त, विजेचा साठा किंवा वेळ अशी उघड मर्यादा आहे.

मला सर्वाधिक भावते ते पुढचे. युपी मूर्ख नाही. आपल्या भोवती काय चालले आहे, हे तो लढता लढता शिकतो, आणि मोरेल त्याच्या तावडीत सापडतो तेव्हा नकलला त्याच्या गुरूचे प्राण किंवा कर्जाची वसुली यांतील एकच निवडावे लागते. नकल कर्ज माफ करतो. एवढी बारकाईने रचलेली योजना शक्तीच्या जोरावर न मोडता माणुसकीच्या एका निर्णयाने सुटते. तुम्ही आपल्या कथेत हा धडा जरूर घ्यावा, असे मला वाटते. सहायक शक्ती प्रत्येक वेळी यशस्वी झाली पाहिजे असे नाही. तिने खलनायकाला विचार करायला, बोलायला आणि बदलायला भाग पाडले, तर तेही संतुलनच आहे. खुद्द राजाच्या बाबतीत तोगाशी याहून कठोर निर्णय घेतात. माणसांच्या बाजूचा वयोवृद्ध योद्धा नेतेरो याचे आयुष्यभराचे कौशल्य राजापुढे अपुरे पडते आणि अखेर त्याच्या देहात दडवलेल्या बॉम्बचे विष राजाचा अंत करते. तो शेवट वाचकाला विजयाचा आनंद देत नाही, आणि द्यावा अशी लेखकाचीही इच्छा दिसत नाही.

कोयोहारू गोतोगे यांच्या ‘किमेत्सु नो याइबा’ या मालिकेत (२०१६ ते २०२०) अट पहिल्यापासून उघड आहे: राक्षसांचा अधिपती मुझान सूर्यप्रकाशातच मरतो, म्हणून त्याला पहाटेपर्यंत अडवून धरायचे. तिथे खरी लढाई वैद्यक तामायो लढते. तिने मुझानच्या शरीरात घातलेल्या औषधात चार गुण आहेत. पहिल्याने तो माणूस होऊ लागेल, दुसऱ्याने दर मिनिटाला ५० वर्षे म्हातारा होईल, तिसऱ्याने त्याला शरीराचे तुकडे करून पळता येणार नाही आणि चौथ्याने त्याच्या पेशी नष्ट होऊ लागतील. यातील तिसरा गुण मला विशेष महत्त्वाचा वाटतो. काही शतकांपूर्वी योरिइची या तलवारबहाद्दराने मुझानला जवळजवळ संपवले होते, तेव्हा मुझान स्वतःचे १८०० तुकडे करून निसटला होता आणि ती घटना तामायोने डोळ्यांनी पाहिली होती. म्हणजे औषधाचा तो गुण ऐन वेळी सुचलेला नाही. एका पराभवाच्या साक्षीदाराने शेकडो वर्षे मनात जपलेल्या आठवणीतून तो आला आहे. वाचकाला आधी पळवाट दिसली, मग ती बुजवलेली दिसली, आणि म्हणूनच समाधान झाले. शिवाय औषधाने मुझान मेला नाही. तलवारबाजांना पहाटेपर्यंत जीव धोक्यात घालून लढावेच लागले.

इथे व्यवसायातील एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे, कारण नव्या लेखकांचे तिच्याकडे हमखास दुर्लक्ष होते. मांगा बहुतांश काळ्या-पांढऱ्या पानांवर छापली जाते आणि साप्ताहिकात एका प्रकरणाला जेमतेम वीसएक पाने मिळतात. जी शक्ती चित्रात दिसत नाही, ती संवादांत समजावून सांगावी लागते आणि लढाईचा वेग तिथेच मरतो. म्हणून चांगल्या सहायक शक्तीला एखादी खूण असते. काक्योइनचे धागे दिसतात, नकलच्या कर्जाचा आकडा शत्रूच्या मागे तरंगणाऱ्या बाहुल्यावर दिसतो, मोरेलचा धूर दिसतो. ‘जुजुत्सु काइसेन’मध्ये गेगे अकुतामी यांनी आओई तोदोला दिलेली खूण तर साध्या टाळीची आहे. त्याने टाळी वाजवली, की दोन व्यक्तींच्या किंवा वस्तूंच्या जागा परस्परांत बदलतात. या शक्तीने कुणालाही इजा होत नाही. परंतु कोण कुठे उभा आहे यावर ज्याचा विश्वास राहिला नाही, तो कितीही बलवान असला तरी त्याचे वार चुकतात.

त्या टाळीचा प्रवास पाहण्यासारखा आहे. आरंभी हानामी या शत्रूशी लढताना ती त्याला अनोळखी असते. लगेच तिचा दुसरा उपयोग दिसतो, कारण टाळी वाजवूनही जागा न बदलण्याची मोकळीक तोदोपाशी आहे आणि त्यामुळे प्रत्येक टाळी हुलकावणी असू शकते. पुढे टोकियोतील शिबुया भागातील लढाईत महितो हा शत्रू तोदोच्या आत्म्यालाच स्पर्श करतो आणि विकृती शरीरभर पसरू नये म्हणून तोदोला स्वतःचा डावा हात तोडावा लागतो. टाळीच गेली म्हणजे शक्ती संपली, असे वाचक आणि महितो दोघेही धरून चालतात. तरीही निर्णायक क्षणी तोदो उरलेल्या एका हाताने महितोच्याच तळव्यावर टाळी देतो. जागा बदलत नाहीत, काहीच घडत नाही. परंतु त्या आवाजाने महितोचा क्षणभर जो गोंधळ उडतो, तेवढ्यात नायक इतादोरीचा ठोसा बसतो. शत्रू शक्ती ओळखतो, तिच्यावर उपाय करतो आणि मग त्याचे ते ओळखणेच त्याला नडते, अशा तीन पायऱ्या इथे आहेत. तुमच्या मैत्रिणीच्या शक्तीला यातील एकच पायरी मिळाली आहे.

दुसऱ्याचे बळ नुसते वाढवणाऱ्या शक्तींविषयी मला फारसे ममत्व नाही. त्याच मालिकेत सुकुना या मुख्य खलनायकाविरुद्धच्या लढाईच्या आरंभी उताहिमे ही सहकारी नायकाच्या बाजूचा सर्वांत बलवान योद्धा गोजो याच्या माऱ्याचा जोर वाढवते. तो मारा निर्णायक ठरत नाही, हे अकुतामी यांचे तारतम्य मला योग्य वाटते, कारण आकडा वाढवून मिळालेला विजय दुसऱ्या बाजूने आकडा वाढवला की पुसला जातो. जखमा भरून काढणाऱ्या शक्तीही सांभाळून वापराव्या लागतात. अराकी यांच्या चौथ्या भागातील जोसुके इतरांना बरे करतो, पण स्वतःला बरे करू शकत नाही आणि गेलेला जीव परत आणू शकत नाही. एवढ्या मर्यादांवर ते सारे पर्व ताणलेले राहते.

सुकुनाच्याच लढाईच्या अखेरीस इतादोरीची सहकारी नोबारा परत येते आणि सुकुनाच्या शरीरापासून वेगळ्या असलेल्या उरलेल्या बोटावर आपला मंत्र वापरून त्याला आतून हादरा देते. शरीराच्या तुटलेल्या अंशावर घाव घालून मूळ शरीराला इजा करण्याची तिची विद्या मालिकेच्या आरंभापासून वाचकाला ठाऊक होती, त्यामुळे नियमाच्या बाजूने त्या प्रसंगात काहीही खोट नाही. तरी तो मला पूर्ण पटला नाही, कारण शिबुयामधील तिच्या जीवघेण्या जखमेनंतर ती जिवंत आहे की नाही, हेच वाचकापासून फार काळ दडवून ठेवले होते. शक्ती आधी पेरणे जितके गरजेचे आहे, तितकेच ती वापरणारी व्यक्ती कुठे आहे हे वाचकाच्या डोळ्यांसमोर असणेही गरजेचे आहे.

आता तुमच्या कथेकडे येतो. शक्ती बंद करण्याची क्षमता ही सर्वांत अवघड सहायक क्षमता आहे, कारण ती अट शोधण्याचे कष्टच वाचवते. कोहेई होरिकोशी यांच्या ‘माय हीरो अकॅडेमिया’मध्ये (२०१४ ते २०२४) ती आयझावा या शिक्षकाला दिली आहे, आणि तिच्याभोवती किती बंधने घातली आहेत ते पाहा. तो समोरच्याकडे पाहत असेल तोवरच ती चालते, पापणी लवली की तुटते, आणि डोळे कोरडे पडण्याचा त्रास त्याला कायमचा जडलेला आहे. शिगाराकी या खलनायकाविरुद्धच्या लढाईत इतरांना आपली शरीरे आड घालून त्याची नजर वाचवावी लागते, शक्ती नष्ट करणारी गोळी पायात शिरताच तो स्वतःचा पाय तोडतो आणि अखेर एक डोळाही गमावतो. त्यामुळे लढाईचा प्रश्न ‘शिगाराकीला कसे हरवायचे’ एवढा राहत नाही. ‘ही नजर आणखी किती क्षण टिकेल’ हा प्रश्न प्रत्येक चौकटीत वाचकाला छळत राहतो.

तुमच्या खलनायकाला समोरच्याची पुढची हालचाल कशी दिसते, हे आधी ठरवावे. समजा, समोरच्याच्या मनात निर्णय पक्का झाला की तो त्याला दिसतो. मग त्याची अट ही, की समोरच्याने निर्णय घेतलेला असला पाहिजे. आणि ही गोष्ट मैत्रिणीला खलनायकाकडून मिळालेल्या एखाद्या पराभवातच कळू द्यावी, उदाहरणार्थ ती अडखळून पडली तेव्हा तिच्या हातून सुटलेला दगड त्याला लागला, कारण तो फेकण्याचे तिने ठरवलेच नव्हते. तिची क्षमताही थोडी बदलावी. ती शक्ती बंद करते तेव्हा तिच्या आवाक्यातील सर्वांचीच बंद होते, नायकाचीसुद्धा, आणि तिला त्या दोघांच्या मध्येच उभे राहावे लागते. पहिल्या काही प्रकरणांत तिला हीच क्षमता एखाद्या किरकोळ भांडणात वापरू द्यावी, आणि त्या क्षमतेमुळे मित्राचाच घात झाल्याचे दाखवावे. असे केले, तर शेवटच्या लढाईत एका बाजूला शक्तीविना लढण्याची सवय नसलेला नायक असेल, दुसऱ्या बाजूला समोरच्याच्या मनातले शक्तीविना, अंदाजाने ओळखण्याची कधी वेळच न आलेला खलनायक असेल, आणि ती क्षमता चालू ठेवायची की हटायचे, हे ठरवणारी मुलगी दोघांच्याही वारांच्या टप्प्यात असेल. ती पाने आधी कच्च्या रेषांत काढून, संवाद न लिहिता, कुणालातरी दाखवावीत. त्याला कोण कधी हटले ते सांगता आले नाही, तर तिच्या क्षमतेला अजून खूण मिळालेली नाही आणि ती आधी शोधावी.